हत्तीमागची सायकल

गिरिजाबाई स्वस्थ बसल्यात असं मी फार थोड्या वेळा पाहिलंय. सकाळी दुधासाठी दार उघडावं तर समोरच्या अंगणात त्या रांगोळी संपवून उभ्या, आणि उभ्या उभ्याच एखादा ठिपका मनासारखा नाही म्हणून पायाच्या अंगठ्यानं पुसतायत. दुपारी कुंडीतली माती उकरतायत. संध्याकाळी गेटच्या कडीला तेल घालून ती पुन्हा पुन्हा सरकवून बघतायत. बोलतानासुद्धा हाताला काहीतरी लागायचं; काही नसलं तर माझ्या पिशवीतल्या शेंगा काढून त्यांचे देठ मोडायच्या. "सुम्ने बसवत नाही ग मला," म्हणायच्या. सुम्ने म्हणजे उगाच, नुसतं. म्हैसुरात आल्यावर मी शिकलेला पहिला कन्नड शब्द तोच.

आम्ही मिरजेचे. मिलिंदच्या नोकरीमुळे सरस्वतीपुरमात घर घेतलं, तेव्हा मला इथलं काही म्हणता काही येत नव्हतं. नळ दुरुस्त करणाऱ्याशी हिंदीत आणि स्वतःशी मराठीत भांडत उभी होते, तर समोरच्या गच्चीवरून आवाज आला, "अय्यो, मराठी काय तुम्ही? आधी सांगायचं नाही का?" त्या खाली उतरल्या, त्या माणसाला कन्नडमधून काहीतरी ऐकवलं आणि माझं काम झालं. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात आले आणि इथलेच होऊन गेले. "आमचं मराठी असंच, कन्नड कालवलेलं," त्या म्हणाल्या. "हसायचं तर आत्ताच हसून घे. मग रोज ऐकायचंय."

तरुणपणापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी शहराबाहेरच्या एका कारखान्यात सोल्डरिंग केलं. हिरव्या बोर्डांवर कथलाचे थेंब टेकवायचे, दिवसभर. "भिंगातनं बघायचं, श्वास सोडायचा, आणि सोडता सोडता टेकवायचं," असं त्या सांगत, पोळी लाटण्याबद्दल सांगावं तितक्या सहज. यजमान खंडोजीराव छापखान्यात होते. ते जाऊन काही वर्षं झाली. मुलगा पुनीत आणि सून यशस्विनी बेंगळूरला. घरात त्या एकट्या, आणि त्यांचे ते न थांबणारे हात.

मग एके दिवशी मला दिसलं की उजवा हात त्यांनी थांबवला तरी थांबत नाही.

 कपबशी देताना त्या डावा हात पुढे करायला लागल्या. पण श्रावणात सारूचं, म्हणजे इथल्या रसमचं, पातेलं उतरवताना हात हलला आणि उकळतं सारू पायावर सांडलं. मी कोरफड घेऊन धावले. दुसऱ्या दिवशी पुनीत आणि यशस्विनी आले. डॉक्टर म्हणाले, वयानं येतो असा कंप, घाबरण्यासारखं नाही, पण जाणारही नाही.

"आई, आता पुरे," पुनीत म्हणाला. "दसरा झाला की बेंगळूरला ये. घर भाड्यानं देऊ."

"माझा पाय भाजलाय. डोकं नाही."

"मी पाय नाही बघत. हात बघतोय."

गिरिजाबाईंनी हात पदराखाली घेतला. पदर हलायला लागला.

यशस्विनी त्यांच्याजवळ सरकली. "अत्ते, तिथं लिफ्ट आहे, खाली पार्क आहे. तुमच्या वयाच्या कितीतरी बायका येतात."

"येऊन काय करतात?"

"बसतात. गप्पा मारतात."

"ऐकलंस?" गिरिजाबाई माझ्याकडे वळल्या. "बसतात म्हणे."

पुनीतला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. वाईट मुलगा नाही तो. रात्री फोन लागला नाही तर माझ्याकडे फोन करून "जरा समोर दिवा दिसतोय का बघता?" असं विचारणारा. त्याच्या मनातली भीती मला कळत होती, कारण तीच माझ्याही मनात होती.

गिरिजाबाई उठल्या, भाजलेल्या पायानं खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. "हा हात गेला असं तुझं म्हणणं ना? मग दसऱ्याला ये. या हातानं एक वस्तू करून दाखवते. सोल्डरिंगची, बारीक कामाची. चालली तर मी इथं. नाही चालली तर तू म्हणशील तेव्हा गाडीत बसते. रडणार नाही."

"कुणाची मदत न घेता?"

"एकेक टाका माझा. बाकी कुणी पाणी आणून दिलं तर ती मदत धरू नको."

"आयतु," पुनीत म्हणाला. झालं तर मग. पण ते त्यानं असं म्हटलं, जसं आपण लहान मुलाला "हो, तू मोठेपणी विमान चालव" म्हणतो. मला ते खटकलं. त्यांनाही खटकलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी गेटची कडी इतक्यांदा सरकवली की मिलिंद म्हणाला, "समोर चोर शिरलाय की काय?"

आता करायचं काय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. घंटा? ती कुणीही करतं. दिव्यांची माळ? ती बाजारात ढिगानं मिळते. रोज नवीन काहीतरी ठरायचं आणि संध्याकाळपर्यंत मोडायचं. माझ्या स्वयंपाकघरात येऊन त्या मिक्सर उलटा करून बघत, टोस्टर हलवून बघत. मी माझ्या वस्तू लपवायला लागले होते.

वाट सापडली ती देवघरात. मी प्रसाद द्यायला गेले होते. खिडकी बंद, आत अंधारलेलं, गिरिजाबाई देवाला उदबत्ती ओवाळत होत्या आणि हात नेहमीसारखा कापत होता. त्या मध्येच थांबल्या. ओवाळणं थांबलं, पण उदबत्तीचं टोक हलतच होतं, आणि अंधारात लाल रेघा उमटत होत्या. वाकड्यातिकड्या, क्षणभर टिकणाऱ्या.

"बघ," त्या म्हणाल्या. "निखारा एकच आहे. रेघ कुठून आली?"

"डोळ्याला तसं वाटतं."

"तेच की. डोळा मागची जागा सोडत नाही तोवर पुढची येते." त्यांनी उदबत्ती गर्रकन फिरवली, आणि हवेत लाल कडं उभं राहिलं. देवाला नमस्कार करायचा राहिला तो राहिलाच. त्या थेट माळ्यावर चढायला निघाल्या. मी कमरेला धरून खाली ओढलं आणि स्वतः चढले.

माळ्यावरून उतरला तो खंडोजीरावांचा टेबलफॅन. पाती मोडकी, मोटर धडधाकट. त्याच्या पात्यांच्या जागी एक लाकडी फूटपट्टी बसवायची, पट्टीवर एका ओळीत बारीक एलईडी दिवे लावायचे. पट्टी जोरात फिरली की दिव्यांची एकच ओळ सगळ्या गोलभर पसरते. कुठला दिवा कुठल्या जागी पेटवायचा आणि कुठं विझवायचा हे नेमकं सांगितलं, की हवेत चित्र दिसतं. हे सगळं त्यांनी मोबाईलवर पाहून घेतलं, एकेक व्हिडिओ पुन्हा पुन्हा. दिवे निघाले दिवाळीच्या जुन्या माळेतून. बॅटरी पुनीतच्या टाकून दिलेल्या मोबाईलची. हुकूम देणारा बोटाएवढा बोर्ड मात्र दुकानातून आणला.

पण चित्र एका जागी थांबायला हवं, नाहीतर ते गोल गोल वाहत जातं. त्यासाठी पट्टीमागे एक जुनं स्टीलचं ताट बसवलं, त्याला काळा रंग दिला आणि वरच्या कडेला एकच पांढरा ठिपका काढला. पट्टीच्या पाठीला एक डोळा: जुन्या रिमोटमधला दिवा आणि त्याचा परतलेला उजेड टिपणारा, दुकानातून आणलेला जोडीदार. तो काळ्यावरून फिरताना गप्प असतो, पांढरं समोर आलं की जागा होतो.

"त्याला जास्त अक्कल नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. "पांढरं दिसलं की पहिल्यापासून म्हणायला लाग, एवढंच शिकवलंय. आमच्या शाळेत पाढे म्हणायचो तसं."

सोल्डरिंगचे दिवस मला अजून आठवतात, आणि आठवले की माझाच हात आखडतो. जेवणाच्या टेबलावर भिंग, पुढे बोर्ड, आणि उजव्या मनगटाखाली नाचणी भरलेली कापडी पिशवी. नाचणी हाताच्या आकाराप्रमाणे दबते आणि हाताला धरून ठेवते, ही युक्ती त्यांचीच. तरी बोटं कापत. सोल्डरिंगचं टोक बोर्डाजवळ जाई, थरथरे, मागे येई. पुन्हा जाई. मी समोर बसून शेंगदाणे निवडत असे आणि श्वास घेणं विसरत असे. मग त्या तोंडानं हळू श्वास सोडत, आणि सोडता सोडता, त्या थरथरण्याच्या दोन झोक्यांच्या मध्ये कुठंतरी, टोक टेके. कथील चमके. धुराची बारीक रेघ वर जाई.

"आयतु," त्या म्हणत. मग उठून अंगणात एक फेरी. मग पुढचा टाका.

कधी टाका चुके. दोन तारा चिकटत, एखादा दिवा जळे. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलत नसत. मी "उद्या होईल" म्हटलं तर "तुझं काय जातं, तुला कुणी पार्कात बसवत नाहीये" असं तोडून टाकत. मग संध्याकाळी वाटीभर काहीतरी घेऊन दारात. माफी नाही, नुसती वाटी.

चित्र काय काढायचं यावर मात्र एका क्षणाचाही विचार झाला नाही. दसऱ्याची सवारी. सगळ्यात पुढे अंबारी घेतलेला हत्ती, मागे घोडेस्वार, मागे भालेकरी, आणि सगळ्यात शेवटी सायकल ढकलत चाललेला एक माणूस. सवारी ताटाभोवती गोल फिरून पूर्ण होणार. पाय मध्याकडे, डोकी बाहेर.

"हत्तीमागं सायकल?" मी विचारलं.

"आमचे," त्या म्हणाल्या. "सवारी पुढं गेली की पोलीस दोरी सोडायचे. मग हे मागनं सायकल घेऊन चालायचे, पार शेवटपर्यंत. कुणी विचारलं तर म्हणायचे, माझ्या खापरपणज्याची जागा आहे ही, घोडा परवडत नाही म्हणून सायकल."

मोठ्या कागदावर त्यांनी वर्तुळं आणि किरणं आखली, रांगोळीसारखी, आणि चौकटी रंगवून सवारी उभी केली. मग त्या कागदावरून वाचून दाखवायच्या आणि मी लॅपटॉपवर आकडे भरायचे. पेटता दिवा म्हणजे एक, विझलेला म्हणजे शून्य. पाणी आणून देणारी ती मी. "शून्य, शून्य, एक, एक, शून्य..." हत्तीची सोंड संपेपर्यंत माझी मान अवघडली. सायकलीपाशी आलो तेव्हा त्यांनी कागदात नसलेला एक "एक" मध्येच सांगितला, सायकलीच्या दांड्यावर.

"मावशी, कागदावर इथं काही नाही."

"असू दे. घाल."

मी घातला.

पहिल्यांदा पंखा लावला तेव्हा टेबल नाचायला लागलं, कारण पट्टीची एक बाजू जड होती. समतोलासाठी त्यांनी दुसऱ्या टोकाला कणकेचा गोळा चिकटवला. त्यानं वेग घेतला आणि तो सुटून माझ्या चष्म्यावर येऊन बसला. "बरं झालं चष्मा होता," एवढंच त्या म्हणाल्या आणि कणीक जाऊन तिथं स्क्रू आणि वॉशर आले. पुढून संरक्षणाला फ्रिजमधल्या भाजीच्या ड्रॉवरचं पारदर्शक झाकण आलं.

आणि मग नवरात्रात, आयुधपूजेच्या आदल्या दिवशी, पडदे ओढून त्यांनी बटण दाबलं. पट्टी आधी दिसत होती, मग दिसेनाशी झाली, आणि काळ्या ताटापुढे लाल उजेडाची सवारी उभी राहिली. हत्ती, घोडे, भाले, सायकल. एका जागी, स्थिर. गिरिजाबाई आमच्या ओळखीत पहिल्यांदाच काही न करता उभ्या होत्या. हात कापत होता, पण त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"झालं की हो," मी म्हणाले.

"आत्ता म्हणू नको," त्या म्हणाल्या आणि पंखा बंद केला.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. इथं या दिवशी ज्याच्या हाताला जे हत्यार त्याची पूजा होते: बस, स्कूटर, शिवणयंत्र, सुऱ्या. आमच्या गल्लीत प्रत्येक गाडीला झेंडूचा हार होता आणि रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यांचा चिखल. पूजा झालेल्या वस्तूला मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, ती त्या दिवशी विश्रांती घेते. कारखान्यात गिरिजाबाईंचं टेबल बायका असंच सजवायच्या म्हणे. त्यांनी पाटावर सोल्डरिंगची गन, पक्कड, भिंग, नाचणीची पिशवी मांडली आणि मध्ये तो पंखा. मी आले तोवर पूजा आटोपली होती. पंख्याला शेवंतीचा हार होता. "उद्या हार काढून थेट लावायचा," त्या म्हणाल्या. "आज चाचणी नाही. देवाच्या दिवशी काय चाचणी घ्यायची."

विजयादशमीला सवारीमुळे रस्ते बंद होते. पुनीत आणि यशस्विनी लांबून वळसा घालत दिवेलागणीला पोचले. गाडीतून पिशव्या उतरवायला मी मदत केली, तर डिकीत पुठ्ठ्याची खोकी घडी करून ठेवलेली. बरीच. पुनीतनं माझी नजर पाहिली. "ऑफिसातनं मिळाली," तो पुटपुटला. "लागली तर."

गिरिजाबाईंनीही पाहिली असावीत. त्या दिवशी त्या दारातून आत आणि आतून दारात इतक्या फिरल्या की यशस्विनी म्हणाली, "अत्ते, सवारी रस्त्यावर होती ना? तुम्ही घरातच काढलीत."

बैठकीत गोंब्यांच्या पायऱ्या मांडलेल्या होत्या. दसऱ्यात इथं घरोघरी बाहुल्या मांडतात तशा. वर लाकडी राजाराणी, खाली दुकान मांडून बसलेला शेट्टी, त्याची बायको, गाई, क्रिकेट खेळणारे मातीचे खेळाडू. सगळ्यात खाली तो पंखा. पुनीतनं वाकून पाहिलं. "आई, बाबांच्या पंख्याला काय झालं हे?"

"बस तिथं."

त्यांनी हार काढला, झाकण बसवलं, दिवा मालवला, बटण दाबलं. घरघर सुरू झाली, पट्टी नाहीशी झाली आणि उजेड उमटला.

वर हत्ती. उजवीकडे हत्ती. खाली उलटा हत्ती. डावीकडे हत्ती. बाकी काही नाही. घोडे नाहीत, भाले नाहीत. एकाची सोंड दुसऱ्याच्या शेपटीला.

"नाल्कु आने," यशस्विनी म्हणाली आणि हसली. चार हत्ती. "अत्ते, चारी दिशांचे काढलेत काय? छान दिसतंय."

ती मनापासून म्हणाली होती, तेच वाईट झालं. गिरिजाबाईंनी पंखा बंद केला.  मग त्यांनी दिवा लावला आणि त्या पट्टी सोडवायला लागल्या. "कुठलातरी टाका कच्चा राहिलाय," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "हात हलला असणार."

"आई, राहू दे," पुनीत म्हणाला. इतक्या हळू म्हणाला, की मला वाटलं यापेक्षा तो ओरडला असता तर बरं. "केवढं केलंयस. एवढं दिसलं हेच खूप. चार तर चार."

"चार नव्हते. एक होता."

"बिडु, आई. सोड आता."

त्यांनी सोल्डरिंगची गन तापायला लावली. नाचणीची पिशवी पुढे ओढली. भिंगाखाली बोर्ड धरला आणि एकेक टाका तपासायला लागल्या, आणि हात असा कापत होता की बोर्डच भिंगाबाहेर जात होता. पुनीत बघत होता. तो टाके बघत नव्हता.

आणि त्या वेळी मला ते दिसलं. हार, झाकण, पट्टी सगळं निघाल्यामुळे मागचं काळं ताट पहिल्यांदाच पूर्ण उघडं पडलं होतं. वरच्या कडेला पांढरा ठिपका. आणि उजवीकडे, खाली, डावीकडे, नेमके चारी बाजू पूर्ण करणारे गंधाचे तीन ठसठशीत टिळे, मध्ये कुंकू. उंबऱ्याला लावतात, तिजोरीला लावतात, तसे. काळ्यावर गंध किती उठून दिसत होतं. डोळ्याला अक्कल नव्हती. उजळ दिसलं की तो पहिल्यापासून म्हणणार.

माझ्या तोंडाशी आलं. पण "कुणाची मदत न घेता" हेही तिथंच होतं, आणि पुनीत समोर होता. मी बोलले तर वस्तू चालेल, पण मग ती मी चालवली असं होईल. नाही बोलले, तर त्या चांगले टाके उखडून पुन्हा घालत बसतील, त्या हातानं, मुलासमोर. मी उठले. पाणी आणायला म्हणून आत गेले, न आणताच परत आले. यशस्विनीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." दिवाणावरची चादर सरळ केली. ती सरळच होती. गिरिजाबाईंसारखं मलाही सुम्ने बसवेना. गन तापली. त्यांनी टोक ओल्या फडक्यावर पुसलं, चर्र आवाज आला. टोक बोर्डाकडे गेलं. आता मात्र बोलायचं, असं मी ठरवलं, पुनीत काही म्हणो.

टोक थरथरलं, मागे आलं.

"टाका कच्चा असता," गिरिजाबाई स्वतःशीच म्हणाल्या, "तर दिवा विझला असता. हत्ती कशाला वाढेल?"

त्यांनी गन खाली ठेवली. डोळे मिटून हवेत बोट फिरवलं: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. मग डोळे उघडून थेट ताटाकडे पाहिलं. बराच वेळ. मग स्वतःच्या उजव्या हाताच्या अनामिकेकडे. तिच्या नखात कालचं कुंकू अजून होतं.

"अय्यो, गिरिजे," त्या म्हणाल्या. आणि हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या, पाटावरच. पुनीत घाबरून उठला. "काही नाही रे. पूजा जास्त झाली. वर आधीच पांढरं होतं म्हणून तेवढं सोडलं, बाकी तीन बाजूंना लावलं. तो बिचारा प्रत्येक टिळ्याला हत्तीपासून सुरुवात करतोय."

टिळे पुसायच्या आधी त्यांनी ताटाला हात जोडले. मग ओल्या फडक्यानं एकेक टिळा पुसला, कोरड्यानं कोरडा केला. पट्टी पुन्हा बसवायला पुनीत पुढे झाला, तेव्हा त्याच्या हातातून त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. स्क्रूच्या खाचेत टोक बसायला वेळ लागला. दोनदा निसटलं. मग बसलं.

दिवा मालवला. घरघर झाली.

हत्ती एकच आला. त्याच्यामागे घोडेस्वार, त्यांच्यामागे भाले, आणि सवारी वळसा घेऊन पुन्हा हत्तीजवळ पोचण्याआधी, शेवटी, तो माणूस आणि ती सायकल. यशस्विनीनं मोबाईल वर केला आणि खाली घेतला, म्हणाली, "डोळ्यालाच दिसतंय नीट. फोनवर तुकडे येतायत."

पुनीत गुडघे टेकून अगदी जवळ गेला. मान वाकडी करून बघत राहिला. "सायकल बाबांची आहे," तो म्हणाला. "कॅरियर वाकडं आहे."

"हं."

"आणि दांड्यावर हा ठिपका काय? दिवा चुकून पेटतोय."

"चुकून नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. "तू आहेस. तेवढाच होतास तू. सवारी संपेपर्यंत झोपून जायचास आणि मान त्यांच्या हातावर टाकायचास."

त्याला वळायला बराच वेळ लागला. पंख्याचा आवाज होता म्हणून बरं. मग तो उठला, दिवा लावला आणि इकडंतिकडं बघत म्हणाला, "सारू छोट्या पातेल्यात करायचं. मोठं पातेलं मी घेऊन जातो."

"घेऊन जा. तुझ्या बायकोला उपयोग होईल."

"आणि रोज फोन."

"उचलीन की. हात रिकामा असला तर."

यावर यशस्विनी हसली, मग पुनीतही. पण त्याचं बघणं पुन्हा त्यांच्या हाताकडे गेलंच. भीती काही एका संध्याकाळीत जात नाही. माझीही गेली नाही. हात तसाच होता. पुढच्या वर्षी तो काय करेल हे कुणाला ठाऊक. पण पुनीतनं पुन्हा बेंगळूरचं नाव काढलं नाही.

झोपण्याआधी, दसरा संपला म्हणून इथल्या रीतीप्रमाणे राजाराणीच्या बाहुल्या आडव्या करून ठेवल्या. सकाळी मी गेले तर डिकीतली खोकी बैठकीत उघडलेली होती, आणि यशस्विनी गोंबे कागदात गुंडाळून त्यात भरत होती. क्रिकेटवाले एका खोक्यात, गाई दुसऱ्यात. पुनीत ती माळ्यावर चढवत होता. मोठं पातेलं दाराशी ठेवलं होतं, नेण्यासाठी.

गिरिजाबाई टेबलाशी होत्या. मनगटाखाली नाचणीची पिशवी, पुढे पंखा, आणि पट्टी सुटी केलेली.

"हे काय मावशी, मोडताय?"

"मोडत नाही. सवारी पाहून झाली. आता ही एकाच जागी उभी राहते, त्याचा कंटाळा आला. चालायला पाहिजे." त्यांनी भिंगातून मान वर न करताच डावा हात माझ्याकडे केला. "तुझा लॅपटॉप आण जा. आणि शेंगा आणल्यास काय? त्या इकडं दे, यशस्विनीला निवडू दे. ती बसली आहे."

खोक्याशी बसलेल्या यशस्विनीनं माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीसाठी हात पुढे केला.